एक जूनची पोरं

माझ्या लेकीची, शाल्मलीची, सावली काढायला आम्ही सगळ्यांत शेवटी गेलो, कारण मला ती काढायचीच नव्हती. तिच्या बालवाडीतल्या एकूण एक पोरांच्या सावल्या मार्चमध्येच निघाल्या होत्या. फाटकापाशी थांबलेल्या आया एकमेकींना पोराचा ताप-खोकला विचारायचं सोडून आकडे विचारायच्या. मी गप्प राहायचे. एक दिवस त्यातली एक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कमी आला असेल तर मनाला लावून घेऊ नका हं." घरी येऊन मी हे नवऱ्याला, दयानंदला, हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. त्याने त्याच संध्याकाळी केंद्राची वेळ घेतली.

सावली म्हणजे काय हे आज, २०३४ साली, कुणाला सांगावं लागत नाही. पण माझ्या मोठ्या बहिणीला, हौसाक्काला, सांगावं लागलं होतं. तिला जसं सांगितलं तसंच इथे लिहिते. आधी मुलाची थुंकी घेतात, त्यावरून त्याची जनुकं वाचतात. मग मनगटावर पंधरा दिवस एक पट्टा बांधतात. तो झोप, नाडी, बडबड, रडणं, हसणं सगळं टिपत राहतो. शेवटी मुलाला काही खेळ देतात आणि ते कुठे अडतं, अडल्यावर पुन्हा हात घालतं की आईकडे बघतं, हे यंत्र पाहतं. एवढ्या ऐवजातून संगणकात त्या मुलाची हुबेहूब प्रतिकृती उभी राहते. तीच सावली. मग ही सावली एकेका शाळेत घालतात आणि तीस वर्षांची होईपर्यंत वाढवतात. एकदा नाही, चाळीस हजार वेळा. कधी तिला जीव लावणारी बाई भेटते, कधी गालगुंड होतं, कधी जिवाभावाची मैत्रीण गाव सोडून जाते. त्या चाळीस हजार आयुष्यांची सरासरी काढून यंत्र सांगतं की या शाळेत घातलं, तर हे मूल आपल्या कुवतीचं शंभरातलं किती गाठेल.

अक्काने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् त्या सावलीला भूक लागती का?"

मी चहा टाकायला उठले.

आमचं निंबसर म्हणजे माणदेशातलं एक मध्यम गाव. इथे शाल्मलीसाठी दोन शाळा होत्या. एक अल्टिमा ग्लोबल, हायवेच्या कडेची, काचेची. दुसरी बिरोबावस्तीची जिल्हा परिषदेची शाळा, घरापासून तीन किलोमीटरवर. चार खोल्या, पुढे एक कडुलिंब, आणि तो लिंब मी शिकत होते तेव्हाही तिथेच होता. आता तिथे बावीस मुलं आणि दोन शिक्षिका आहेत. मी जाऊन बघून आले होते. त्यातली एक बाई पोरांना ओढ्यावर घेऊन गेली होती आणि पोरं दोरीने ओढ्याची रुंदी मोजत होती. मला तिथेच बसावंसं वाटलं.

अहवाल आला. अल्टिमा चौऱ्याहत्तर. बिरोबावस्ती एक्केचाळीस.

"झालं?" दयानंद म्हणाला. "शुक्रवारपर्यंत फॉर्म भरायचाय. आता वाद नको."

"मी त्याच शाळेत शिकले. मी एक्केचाळीस टक्के आहे का?"

"तू हुशार होतीस म्हणून निभावलीस. सगळी निभावली का?" त्याने ताट बाजूला सारलं. तो वाईट माणूस नाही. त्याचे वडील बँकेत होते, दर तीन वर्षांनी बदली, आणि दर बदलीला त्यांनी त्याला त्या गावातल्या सगळ्यांत महागड्या शाळेत घातलं होतं. "बनू, तुला तो लिंब आवडतो. मलाही आवडतो. पण तुझ्या आठवणींवर मी पोरीचं आयुष्य लावू?"

मी फार चिडले. खरं सांगायचं तर तो बरोबर बोलत होता आणि मला त्याचाच राग आला होता. त्या शाळेबद्दल मला आठवतं ते काय? सारवलेल्या जमिनीचा गारवा. बाबर गुरुजींच्या सायकलची घंटा, जी ऐकून आम्ही लिंबाखालून पळत आत जायचो. खिशातले शेंगदाणे. अक्काच्या परकराला धरून बसलेली मी, आणि समोर फळ्यावर पाढे. आई-आबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात खाली निघून जायचे ते थेट मिरगाला, पावसाच्या तोंडाला, परत. चुलतीच्या घरी आम्ही दोघी बहिणी उरायचो. माझ्यासाठी घर म्हणजे खरं तर ती शाळाच होती. पण हे सगळं सांगून कुणी पोरीला शाळेत घालत नाही, हे मलाही कळत होतं.

अहवालाला एक पुरवणी होती. ती कुणी उघडत नसावं. शाळेचा आकडा कशावरून काढला, त्याचा आधार तिथे दिलेला होता. यंत्राला मुलाची सावली कळते, पण शाळा कशी कळणार? त्यासाठी त्याने प्रत्येक शाळेचं जुनं दाखल-रजिस्टर वाचलेलं असतं. कोणतं मूल कितव्या वर्षी आलं, कितव्या वर्षी वाचायला लागलं, कुठपर्यंत शिकलं, आज कुठे आहे. बिरोबावस्तीच्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी होती, एकशे त्रेचाळीस जणांची. नावं झाकलेली होती, तारखा उघड्या होत्या.

मी जन्मतारखांच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. १ जून. १ जून. १ जून. ४ नोव्हेंबर. १ जून. १ जून.

मी इतक्या मोठ्याने हसले की दयानंद आतून धावत आला.

"काय झालं?"

"ही सगळी एक जूनची पोरं आहेत," मी म्हणाले. "मीसुद्धा. गुरुजींची पोरं."

त्याला कळेना. त्याच्या जन्माचा दाखला सातारच्या दवाखान्यातला आहे, वेळेसकट. आमच्या वस्तीवर बाळं घरात नाहीतर मेंढरांमागे वाटेत जन्मायची. तारीख कोण लिहून ठेवणार? जूनमध्ये गुरुजी घरोघर फिरून पोरं गोळा करायचे आणि रजिस्टरला प्रत्येकाची जन्मतारीख एक जून टाकायचे. साल टाकायचे मागे बरोबर सहा वर्षांचं, कारण सहा पूर्ण असल्याशिवाय प्रवेश नव्हता. समोरचं पोर सहाचं असो, पाचचं असो, की बहिणीच्या कडेवर बसून आलेलं शेंबडं असो. कागदावर मी १ जून १९९२ची आहे. आई म्हणायची, तू चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतरची.

मी निंबसरच्या बीजपरीक्षण प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदात शंभर बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची आणि ठरलेल्या दिवशी उलगडून किती नीट उगवल्या ते मोजायचं. मागे एकदा मी एका गुंडाळीवर चार दिवस आधीची तारीख टाकली होती. सहा दिवसांची रोपं दहा दिवसांची समजून मोजली आणि चांगल्या बियाण्याला नापास करून बसले. बियाण्यात काही खोट नव्हती, माझ्या तारखेत होती. यंत्राने नेमकं तेच केलं होतं. चार वर्षांची पोरं त्याने सहाची धरली, आणि आठव्या वर्षीही ही अडखळत वाचतात म्हणून शाळेचा आकडा पाडला. ती पोरं तेव्हा आठची नव्हतीच, सहाची होती.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर जाऊन धडकले. तिथली ऋजुता नावाची तरुण तज्ज्ञ शांत होती, हुशार होती, आणि तिने मला हसून पाणी दिलं याचाही मला राग आला.

"एक जूनचा पुंजका आम्हालाही दिसला होता, मॅडम," ती म्हणाली. "एकाच दिवशी इतकी मुलं जन्मत नाहीत, हे यंत्राला कळतं. त्याने दिवस-महिना सोडून दिला आणि फक्त साल धरलं."

"सालच खोटं आहे."

"साल खोटं कोण लिहील?"

"आमचे गुरुजी," मी म्हणाले, आणि माझ्या आवाजात जरा अभिमानच आला.

ती विचारात पडली. मग तिने नियम सांगितला. नोंद चुकीची असेल, तर त्या काळच्या दोन जाणत्या माणसांचा जबाब ध्वनिमुद्रित करून दुरुस्ती करता येते. जितक्या मुलांची खरी वयं कळतील, तितकी यंत्र नव्याने धरेल. "पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीची वयं कुणाला आठवणार?"

बुधवारी आम्ही चौघं वस्तीवर गेलो. ऋजुता तिचं यंत्र घेऊन, दयानंद गाडी चालवायला, मी, आणि वाटेत घेतलेली हौसाक्का. अक्काची अजून चाळीस मेंढरं आहेत. मेंढरं शेजारणीच्या हवाली करून ती आली होती आणि गाडीत बसल्याबरोबर दयानंदला म्हणाली, "पावणं, काच खाली करा, जीव घुसमटतुया."

बाबर गुरुजी ब्याऐंशीचे. डोळ्यांना कमी दिसतं, बाकी सगळं शाबूत. अंगणात खाटेवर बसले होते. ऋजुताने रजिस्टरमधलं पहिलं नाव वाचलं, "महादू बिरा कोळेकर."

"महादू," गुरुजी म्हणाले, "बोअर पडली त्या उन्हाळ्यातला. काय गं हौसा?"

"बोअरच्या आदी. बोअर बघायला त्याची आय त्येला पाठीला बांधून आलीती."

"म्हणजे आला तेव्हा साडेचारचा."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. एक नाव, आणि मागोमाग दोघांचं सुरू. ही यष्टी पहिल्यांदा वस्तीवर आली त्या आठवड्यातली. हा भूकंप झाला त्या गणपतीतला, त्याच्या बापाने नाव भूपाल ठेवायचं ठरवलं होतं आणि सगळ्यांनी भूकंपच ठेवलं. ही दोघं जुळी, पण एक कागदावर दोन वर्षांनी मोठा, कारण त्या वर्षी गुरुजींना एकच पोर कमी पडत होतं. ऋजुता आधी गंभीरपणे लिहून घेत होती, नंतर तिला हसू आवरेना. दयानंदही खाटेच्या टोकावर येऊन बसला होता. उन्हं अंगणातून सरकत गेली. मी मध्येच उठून चहा केला, आणि माझ्या वर्गातली पोरं एकेक करून त्या अंगणात जमली आहेत असा मला भास झाला. किती तरी वर्षांनी मला इतकं बरं वाटलं होतं.

"पण गुरुजी, का करत होता तुम्ही असं?" ऋजुताने विचारलं.

"पट. वीसच्या खाली पट गेला की साहेब शाळा बंद करणार. मेंढरांमागे निम्मी पोरं जायची. मग उरलेल्यांची धाकटी भावंडं घ्यायचो. धाकटं आलं, की त्याला सांभाळायला थोरली येतेच." त्यांनी ऋजुताच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "खोटं लिहिलं, हे मला ठाऊक आहे. पोरांची वर्षं चोरली. दोन-दोन वर्षं आधी निवृत्त होतील बिचारी."

"बनाई बिरू गोरड," ऋजुताने वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"चारचीबी न्हवती," अक्का म्हणाली. "माझ्या कडंवर गेली. पयल्या दिवशी गुरुजींच्या टेबलाखाली मुतली."

सगळे हसले. दयानंद सगळ्यांत जास्त. ऋजुताने पुढचं नाव वाचलं. "हौसाबाई बिरू गोरड. हिचं वय बरोबर दिसतंय. पण ही चौथीत दोनदा नापास."

मला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. भांडण झालं, की माझं ठेवणीतलं वाक्य तेच असायचं: तू गप्प बस, चौथीत दोनदा बसलेली. पुढे मी पदवीधर झाले तेव्हासुद्धा मी ते पेढ्याबरोबर तिच्या हातात ठेवलं होतं. ती हसायची.

गुरुजी हसले नाहीत. खाटेचा काठ चाचपत ते म्हणाले, "तेही खोटं आहे."

ऋजुताने मान वर केली.

"हौसाच्या गणितात मला कधी चूक काढता आली नाही. पण आमची शाळा चौथीपर्यंतच. ही पास झाली की शाळेतून गेली. गेली की आई-बापाबरोबर मेंढरांमागे. आणि ही गेली की हिला," त्यांनी माझ्या दिशेला बोट केलं, "कोण सांभाळणार? हिलाही झोळीत घालून नेली असती. चुलती एकटीला ठेवून घेणार नव्हती. मी बिरूला वसतिगृहाचं बोलून पाहिलं, तो ऐकेना. मग मी हौसाला विचारलं, नापास करू का? ती म्हणाली, करा. बनू तिसरीत गेली, एकटी यायला लागली, चुलतीही तिला ठेवून घ्यायला तयार झाली, तेव्हा पास केलं."

मी अक्काकडे पाहिलं. ती पदराने कपातल्या साईवरची माशी हाकलत होती. ती दहा वर्षांची होती तेव्हा. दहा वर्षांच्या पोरीला विचारलं होतं आणि तिने हो म्हटलं होतं, आणि तीसेक वर्षं माझे टोमणे ऐकून एकदाही ते बाहेर काढलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. लाजेने माझे कान तापले.

ऋजुताचं बोट पडद्यावर थांबलं होतं. "मग हौसाबाई, मी दुरुस्ती करते. चौथी पास, शाळा सोडली १९९९. नापासाचे दोन्ही शेरे काढून टाकते."

"म्हंजी ती दोन वर्सं जात्यात?"

"कागदावरून जातील. तुम्ही नापास झालाच नाहीत ना."

अक्काने कप खाली ठेवला. "मग नगं काढू."

"अक्का!" मी म्हणाले.

"आगं, वस्तीवरल्या पोरींस्नी चार वर्सं शाळा मिळाली. मला सा मिळाली. कविता दोनदा म्हणायला मिळाल्या, नकाशा दोनदा काढायला मिळाला. बाकीच्या गेल्या मेंढरामागं, आन् मी सावलीला बसून पाटीवर लिवत हुते." तिने ऋजुताच्या यंत्राकडे बोट दाखवलं. "ती नापासाची असतील, पर माझी हायती. ऱ्हाऊ द्या."

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. ऋजुताने नोंद तशीच ठेवली.

परतताना दयानंदने अक्काच्या बाजूची काच आपणहून खाली केली. अक्काला तिच्या वाड्यावर, मेंढरांच्या कुंपणापाशी सोडलं, तेव्हा तो गाडीतून उतरला, आणि कधी नव्हे ते वाकून तिच्या पाया पडला. ती गोंधळून मागे सरकली.

शुक्रवारी सकाळी दुरुस्त अहवाल आला. एकशे सात मुलांची वयं यंत्राने नव्याने धरली होती. बिरोबावस्ती एकोणसत्तर. अल्टिमा चौऱ्याहत्तर. खाली ऋजुताची ओळ होती: हौसाबाईंची नोंद बदलली असती, तर आकडा किंचित वर गेला असता.

मी तो दयानंदपुढे ठेवला. अजूनही पाच कमीच होते. भांडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं आणि मला भांडायचंही नव्हतं. त्या शाळेचं खरं मोल कुणी भरलं होतं ते मला आता कळलं होतं, आणि नुसत्या माझ्या आठवणींसाठी पोरीला तिथे पाठवावं असं म्हणायची माझी हिंमत होईना.

"माझ्या पाच शाळा झाल्या," दयानंद म्हणाला. "गाडीत मी आठवत होतो. यातल्या एकीत तरी आणखी दोन वर्षं बसायला मिळावीत, नापास होऊन का होईना, असं मला कधी वाटलं होतं का?" त्याने मान हलवली. "एकीतही नाही, बनू."

त्याने फॉर्म उघडला, शाळेच्या नावापुढे बिरोबावस्ती लिहिलं आणि माझ्याकडे सहीसाठी सरकवला. मी सही केली. हे बरोबर आहे की चूक, हे मला आजही माहीत नाही. ते कळायला शाल्मली तीस वर्षांची व्हावी लागेल, आणि ती चाळीस हजार वेळा नाही, एकदाच होणार आहे.

मग मी अक्काला फोन लावला. शाळेचं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, पोरीला पयल्या दिवशी मीच सोडीन. मागे मेंढरं ओरडत होती. मला जे बोलायचं होतं ते बाहेर येईना, आणि आलं तेव्हा रडतच आलं.

"अक्का, मी तुला जन्मभर नापास म्हणत आले गं."

"मग?" ती म्हणाली. "हुतेच की. दोनदा."

आणि ते तिने अशा काही तोऱ्यात सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं ती दोन्ही वेळा पहिली आली होती.